दस्तुरीच्या पुढे पायी

दस्तुरी नाक्यावर टॅक्सीचं इंजिन बंद झालं आणि मास्तरीण म्हणाली, "आता पुढे कसं?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही हे माथेरानला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आम्हालाही होतं. पण मास्तरणीच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम पाच महिने झाले होते, आणि बेत ठरवताना तिनं त्या गुडघ्याचं नावही काढू दिलं नव्हतं. "तुम्ही तारीख सांगा, मी येते," एवढंच तिचं म्हणणं.

चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघी राहत होतो. एक नाशिकला डॉक्टर झाली. एक सांगलीला गणित शिकवून निवृत्त झाली, ती ही मास्तरीण. तिसरी ठाण्याला बँकेत होती, आणि मी पुण्यातच राहिले. बँकवालीच्या सासरच्यांचं माथेरानला जुनं घर आहे. तिच्या आजेसासऱ्यांनी ते कुणा पारशी गृहस्थांकडून घेतलं, एवढंच तिला ठाऊक. दर वर्षी ती आम्हाला म्हणायची, "या की एकदा," आणि दर वर्षी कुणाचं तरी काहीतरी निघायचं. यंदा जानेवारीत शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस चौघींना जमले. मी पुण्याहून कर्जतला उतरले, स्टेशनवर गरम बटाटेवडा खाल्ला, लोकलनं नेरळला आले. बाकीच्या तिथेच वाट बघत होत्या.

तर दस्तुरी. प्रवेशकराची पावती फाडून आत गेलो तसे घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षावाले समोर आले. हातरिक्षा म्हणजे दोन चाकांची गाडी, पुढून एक माणूस ओढतो आणि चढाला मागून आणखी कुणी रेटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असं सांगितलं. आम्ही गेलो तेव्हा ती मुदत संपत आली होती. पन्नाशीचा एक रिक्षावाला मास्तरणीच्या काठीकडे बघून पुढे आला. "बसा ताई. सवय आहे आम्हाला."

"मला नाही ना सवय, दादा," ती म्हणाली.

तो हसला नाही, रागावलाही नाही. "मग शटलनं जावा," म्हणून त्यानं अमन लॉजच्या बाजूला हात केला. त्या माणसाचं त्या दिवसाचं भाडं गेलं. एखाद्याला पोटासाठी आपलं वजन ओढावं लागू नये असं वाटणं बरोबर आहे. पण त्या वाटण्यानं त्याची चूल पेटत नाही, आणि म्हणून ई-रिक्षा त्याच्याच हातात जायला हवी, दुसऱ्या कुणाच्या नव्हे. न्यायालयाच्या आदेशात हीच गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ई-रिक्षांची चाचणी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, त्याआधी इथली मुलं दस्तुरीहून शाळेपर्यंत पायीच येत-जात होती. बँकवाली सांगत होती, मुलांची दप्तरं बघून तिला दर वेळी कसंतरी व्हायचं.

सामान एका ठाकर बाईनं उचललं. वय सांगता येणार नाही, चाळीसही असेल, साठही. पदराची चुंबळ करून तिनं डॉक्टरची बॅग डोक्यावर चढवली, तिच्यावर मास्तरणीची, आणि माझी हाताला लटकवली. मी म्हटलं, "माझी राहू द्या." तर म्हणाली, "मंग पैसे कशाचे घेऊ?" आणि निघालीसुद्धा.

डॉक्टर आणि मास्तरीण अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेच्या शटलमध्ये बसल्या. आम्ही दोघी रुळांच्या कडेनं चालायला लागलो.

या रुळांवर माझा फार जीव आहे. लहानपणी वडिलांबरोबर नेरळहून आख्ख्या गाडीनं वर आले होते, तेव्हापासून. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं ही रेल्वे स्वतःच्या पैशानं बांधली. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यानं त्या कामाला स्वतःला जुंपून घेतलं, आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. खर्च आला १६ लाख रुपये. रूळ फक्त २ फूट रुंदीचे, अंतर सुमारे २१ किलोमीटर, आणि मध्ये जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्टेशनं. डोंगर भोकसायचा नाही, त्याच्या अंगाखांद्यावरून वळत वळत जायचं, असा सगळा हिशेब. इतक्या अंतरात बोगदा एकच, तोही चिमुकला. वडिलांनी मला खिडकीतून दाखवलं होतं, गाडी वळली की आपलंच इंजिन आपल्याला समोरून दिसतं. जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले आणि गाडी २००७ पर्यंत बंद राहिली. २०१९ च्या पावसानं पुन्हा तेच केलं, नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत धावली. दर वेळी कुणीतरी म्हणतं, आता कशाला दुरुस्त करता. दर वेळी गाववाले आणि रेल्वेतली जुनी माणसं ती उभी करतात.

शटल आमच्या मागून आली. शिट्टी दिली. खिडकीतून मास्तरणीनं हात बाहेर काढला आणि चाळीस वर्षांपूर्वी मेसच्या खिडकीतून हलवायची तसाच हलवला.

घर बाजारापासून वीस मिनिटांवर, झाडांत आहे. जांभ्या दगडाचं उंच जोतं, वर लाकडी खांबांचा तिन्ही बाजूंनी व्हरांडा, पत्र्याचं छप्पर. पावसाळ्यात इथं असा पाऊस कोसळतो की सगळा व्हरांडा ताडपत्रीनं बांधून टाकावा लागतो. जानेवारीत त्याच्या दोऱ्या तेवढ्या खांबांना राहिल्या होत्या. लांब हातांच्या दोन आरामखुर्च्या, एक झोपाळा, आणि स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी.

"माकडं," घर सांभाळणारे मामा म्हणाले. मामा आणि मावशी मागच्या दोन खोल्यांत राहतात. मामांचे वडीलही याच घराचे माळी होते. त्यांनी आम्हाला नियम सांगितले, एकेक बोट मोडत. दार उघडं टाकायचं नाही. हातात पिशवी घेऊन ओट्यावर बसायचं नाही. माकडाच्या डोळ्यांत बघायचं नाही, आणि काही झालं तरी त्याला खायला घालायचं नाही, कारण तुम्ही रविवारी जाता, ते इथंच राहतं. पहिल्याच दुपारी डॉक्टरनं नियम मोडला आणि तिचा संत्र्यांचा आख्खा पुडा जांभळीवर गेला. सालं खाली पडत होती. मामांनी ती एक एक करून गोळा केली.

या घरात काय आहे हे सांगण्यापेक्षा ते इथं कसं आलं हे सांगावं. गॅसचा सिलिंडर घोड्यावरून आला. तांदूळ, कांदे, साबण, सिमेंटची पोती, न्हाणीघरातला संगमरवरी तुकडा, सगळं दस्तुरीपासून घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. मावशींकडे येणारं दूध खालच्या वाडीतून एक माणूस डोंगर चढून आणतो. धोदाणीकडून, जुम्मापट्टीकडून, डोंगराच्या सगळ्या अंगांनी अशा पायवाटा वर येतात आणि त्यांवरून रोज पहाटे माणसं चढतात. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूनं चढून आला आणि माथेरानचा शोध लागला, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. धनगर, ठाकर आणि कातकऱ्यांचे पाय त्याच्या कितीतरी आधीपासून या रानात वावरत होते. माथ्यावरचं रान हे नावसुद्धा त्याच बाजूनं बघितल्यावर सुचतं, खालून वर.

पहिल्या दिवशी आम्ही काही केलं नाही. अगदी काहीच नाही. मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत आणि सुकटीची चटणी केली होती, ती खाऊन दुपारी तीनला झोपलो ते साडेपाचला उठलो. मला दुपारची झोप कधी लागत नाही. पण तिथे कान मोकळे होतात. पुण्यात माझ्या खिडकीखाली सिग्नल आहे, आणि गेल्या किती वर्षांत हॉर्नशिवायची दुपार मी ऐकलीच नव्हती हे मला त्या झोपेतून उठल्यावर समजलं. लांबून टापा ऐकू येत होत्या. मातीवर टापांचा आवाज मऊ येतो, दगडावर खणखणीत. थोड्या वेळानं घोडा कुठल्या वळणावर आहे तेही ओळखू यायला लागलं. बुलबुल बोलत होते. कुणीतरी कुऱ्हाडीनं वाळका ओंडका फोडत होतं.

संध्याकाळी चहा घेऊन व्हरांड्यात बसलो तेव्हा बँकवालीनं विचारलं, "गुडघा कसा आहे, खरं सांग."

"गुडघा बरा आहे," मास्तरीण म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहिली. "मीच बरी नाहीये गं. पाच महिन्यांत एकटीनं घराचा उंबरा ओलांडला नाहीये. फिजिओथेरपीवाली म्हणते चाला, डॉक्टर म्हणतात चाला. गेटपर्यंत जाते, आणि पडले तर काय होईल, हे मनात येतं. की परत फिरते."

आमच्यातल्या डॉक्टरनं काही सल्ला दिला नाही. याबद्दल मला तिचा फार आदर वाटला. तिनं फक्त आरामखुर्चीचा लांब हात फिरवून पुढे घेतला आणि मास्तरणीचा पाय उचलून त्यावर ठेवला. खुर्चीचे ते हात त्यासाठीच असतात.

मग अंधार पडेपर्यंत बोललो. फोनवर आम्ही महिन्यातून एकदा बोलतोच. मुलं, नातवंडं, कुणाच्या आईचं आजारपण, सगळं माहीत असतं. पण फोनवर मधे गप्प बसता येत नाही. व्हरांड्यात येतं. एक जण काहीतरी सांगते, मग पाच मिनिटं कुणी बोलत नाही, पत्र्यावर एखादं जांभळीचं पान पडतं, आणि मग तीच पुढचं सांगते, जे तिनं फोनवर कधीच सांगितलं नसतं. त्या संध्याकाळी बँकवालीनं नवरा गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल सांगितलं. चार वर्षं झाली त्याला. आम्ही तिघी तेव्हा तिच्या घरी येऊन गेलो होतो, तेरा दिवस आळीपाळीनं राहिलो होतो, आणि आम्हाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

शनिवारी पहाटे पाचला मी आणि डॉक्टर पॅनोरमा पॉइंटला निघालो. मामा बरोबर आले, बॅटरी घेऊन. बाजारापासून तासाभराहून जास्त चालणं आहे. डोळे अंधाराला सरावले की लाल माती पांढुरकी दिसायला लागते. डोंगराचं अंग काळ्या कातळाचं आणि माथ्यावर जांभ्याचं टोपरं, म्हणून इथली सगळी धूळ तांबडी. तिच्यात घोड्यांची लीद मिसळते, ती उन्हाळ्यात उडते, गाववाल्यांना खोकला होतो. मुख्य रस्त्यावर मातीच्या विटांचे ब्लॉक बसवण्यावरून इथं वर्षानुवर्षं वाद झालाय. मामा ब्लॉकच्या बाजूचे. "चिखलात घोडा घसरतो, माणूस घसरतो. रस्ता करा. पण आत रानात नको," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं मला पटलं. रानातल्या वाटा मातीच्याच राहाव्यात, हे बाहेरून येणाऱ्याला वाटतं तसं त्यांनाही वाटतं. आणि ते इथं पावसाळेही काढतात.

पॅनोरमावर पोचलो तेव्हा पूर्वेला राखाडी उजेड आला होता. खाली उल्हासचं खोरं, त्यात नेरळचे दिवे. उत्तरेला पेबचा किल्ला, त्याच्या मागे नाखिंड आणि चंदेरीचे सुळके, आणि समोर भीमाशंकरची भिंत. सूर्य त्या भिंतीच्या वर आला. आधी एक टोक लाल झालं, मग एक एक करत सगळे. रेल्वेचे रूळ आमच्या पायाखालच्या कड्याला वळसा घालून जातात. वाकून पाहिलं तर दिसत होते.

मामांनी ईशान्येकडे बोट केलं. "सिद्धगड तिकडं. भाई कोतवाल तिथं गेले."

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल याच माथेरानचे. १९१२ मध्ये एका नाभिक कुटुंबात जन्म. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले. डोंगरावर सुखानं राहता आलं असतं. ते खाली उतरले. खालच्या गावांत शाळा काढल्या, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं काढली. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील मारले गेले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते. मामा दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडला जायचे, आता पाय दुखतात म्हणून जात नाहीत. "खालची माणसं आणि वरची माणसं एकच हाएत, हे त्यांना कळलं होतं," एवढंच म्हणून ते बॅटरी बंद करून उठले.

आम्ही परत आलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि मास्तरीण घरात नव्हती.

माझ्या काळजात धस्स झालं. बँकवाली म्हणाली, "ओरडू नकोस. मावशींबरोबर गेलीये. पाल्याला."

पोपटीच्या पाल्याला. रायगडात थंडी पडली की पोपटी लावतात, म्हणजे शेंगा मडक्यात भरून जाळात भाजतात, आणि आदल्या रात्री मावशींनी ते बोलून दाखवल्यापासून मास्तरणीच्या मनानं ते घेतलं होतं. पोपटीला भांबुर्डीचा पाला लागतो. बांधाला, पडीक जागेत वाढणारी ही तणासारखी वनस्पती. तिला स्वतःचा असा उग्र वास असतो, आणि तो नसेल तर ती पोपटीच नव्हे. मावशींनी तो पाला खालून मागवला होता, एक बाई बाजारापाशी घेऊन येणार होती. मास्तरीण काठी घेऊन मावशींबरोबर बाजारापर्यंत गेली, पाला घेतला, आणि परत आली. जायला वीस मिनिटांची वाट, तिला पन्नास मिनिटं लागली. आली तेव्हा पदराला पाल्याचा वास येत होता आणि चपला लाल झाल्या होत्या. आम्ही कुणी काही बोललो नाही. ती घटाघटा दोन पेले पाणी प्यायली आणि म्हणाली, "मधे एक बाक आहे. छान आहे."

पोपटी रात्री लावली. मामांनी अंगणातला पाला झाडून लांब केला, मोकळी माती केली, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. रानातलं घर, विस्तवाशी खेळ नको. एक मडकं शाकाहारी, एक मांसाहारी. तळाला भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा. त्यावर वालाच्या शेंगा. भातकापणी झाल्यावर खालच्या शेतांत जमिनीच्या ओलीवरच हा वाल येतो, त्याला वेगळं पाणी देत नाहीत, आणि म्हणून त्याला अशी चव. शेंगांना फक्त जाडं मीठ आणि ओवा. मग बटाटे, रताळी, कांदे. दुसऱ्या मडक्यात मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, आणि अंडी. पाण्याचा थेंब नाही, तेलाचाही नाही. वर पुन्हा पाला ठासून मडक्याचं तोंड बंद करायचं, आणि मडकं उलटं ठेवायचं, तोंड मातीवर. भोवती गोवऱ्या, वाळकी लाकडं, सुकं गवत. पेटवायचं.

अर्धा तास जाळ होता. त्याच्याभोवती आम्ही शालीत गुंडाळून बसलो होतो. पुढून चेहरा भाजतोय, पाठ गार. मामा कुणाशी बोलत नव्हते, जाळाकडे बघत होते, मधेच एक लाकूड सरकवत होते. मग त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं. "झाली," ते म्हणाले.

मडकं काढून सुपात उपडं केलं तेव्हा जी वाफ आली तिचं वर्णन मला करता येणार नाही. ओला पाला, ओवा, धूर, आणि खाली मातीचा वास. शेंगा हातानं सोलून, दाणे तोंडात टाकत, बोटं काळी करत आम्ही खात होतो. डॉक्टर रोज किती ग्रॅम प्रथिनं खाते ते मोजते. तिनं त्या रात्री काही मोजलं नाही. मावशी आणि मामा आमच्याबरोबर बसून जेवले. आधी मावशी नको म्हणत होत्या, तुमचं होऊ द्या म्हणत होत्या. मास्तरीण म्हणाली, "मावशी, पाला आपण दोघींनी आणलाय. आपण दोघी आधी जेवू." मग बसल्या.

तिथे आम्हाला कळलं की त्यांची मुलगी नेरळला नर्सिंग शिकतेय, आणि ती वर यायला तयार नाही. "इथं काय हाये म्हणते," मावशी म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका येते तेवढीच इथं मोटार, पण बाळंतपण, मोठं दुखणं, कॉलेज, सगळ्याला खाली उतरावं लागतं. जी शांतता घ्यायला आम्ही चढून आलो होतो, तिची किंमत या घरात रोज कुणीतरी भरत असतं. २००३ मध्ये केंद्र सरकारनं माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं. ते व्हायलाच हवं होतं. नाहीतर आज त्या व्हरांड्यासमोर रान नसतं, वाहनतळ असता. मला एवढंच वाटतं की रान राखण्याचं ओझं रानात राहणाऱ्या चार-पाच हजार माणसांनी एकट्यांनी वाहू नये. चांगला दवाखाना वर आणायला झाड तोडावं लागत नाही.

निजायच्या आधी बँकवालीनं दिवे घालवले आणि आम्ही ओट्यावर उभ्या राहिलो. झाडांच्या फटीतून खूप लांब, पश्चिमेला, आभाळाच्या कडेला पिवळट उजेड होता. मुंबई. चौघींनी तिकडे एकदा पाहिलं आणि वर बघितलं. मृग नक्षत्र अगदी डोक्यावर आलं होतं. मास्तरणीनं त्याच्या पट्ट्यातले तीन तारे दाखवून ते खरोखर एका रेषेत दिसतात की नाहीत हे आम्हाला काठीनं मोजून दाखवलं.

रविवारी सकाळी पिसारनाथाला गेलो. माथेरानचं हे ग्रामदैवत शार्लोट तलावाच्या काठाशी आहे. महादेवाचं स्वयंभू स्थान, शेंदूर लावलेलं. मावशींनी सकाळीच नारळ आणि हार हातात दिला होता. तलावाचं पाणी हलत नव्हतं. याच तळ्याचं पाणी गाव पितं, म्हणून त्यात पाय घालायचे नाहीत. पायऱ्या उतरताना मास्तरणीनं माझा खांदा धरला. वर येताना धरला नाही.

परत निघायची वेळ आली. बँकवालीनं शटलची तिकिटं काढायला फोन हातात घेतला.

"मी चालते," मास्तरीण म्हणाली.

बाजारापासून दस्तुरी अडीच-तीन किलोमीटर. डॉक्टरनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बघितलं, सूज आहे का ते दाबून पाहिलं. "दर दहा मिनिटांनी बसायचं. मी सांगेन तेव्हा," ती म्हणाली. मामांनी तीच ठाकर बाई बोलावून ठेवली होती. तिनं पुन्हा तशीच चुंबळ केली आणि बॅगा चढवल्या. यावेळी त्यांत मावशींनी दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी वाढली होती.

तीन किलोमीटरला आम्हाला एक तास पन्नास मिनिटं लागली. ठाकर बाई प्रत्येक वळणावर थांबायची. डोक्यावरचं ओझं न उतरवता, दरडीला टेकून. आम्ही पोचलो की निघायची. पहिल्या तीनदा मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, आम्ही येतो." चौथ्यांदा म्हटलं नाही. दस्तुरीच्या जरा अलीकडे मास्तरीण रुळांशेजारच्या एका दगडावर बसली, आणि बाईही पहिल्यांदा ओझं उतरवून तिच्याशेजारी बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. बाईनं लुगडं वर करून आपल्या गुडघ्यावरचा एक जुना व्रण दाखवलेला मात्र मी पाहिला, आणि मास्तरणीनं सलवार वर करून आपला.

दस्तुरीवर आम्ही ठरल्यापेक्षा जास्त पैसे पुढे केले. तिनं मोजले, ठरलेले ठेवून घेतले, वरचे परत दिले. मग मास्तरणीनं पिशवीतून दोन मुठी वालाच्या शेंगा काढून दिल्या, त्या मात्र तिनं ओटीत घेतल्या. आणि डांबरी रस्ता सोडून बाजूच्या पायवाटेनं रानात उतरली.

टॅक्सी भरेपर्यंत आम्ही चहा घेतला. चहाचे दोन दोन कप झाले, तरी दोन सीट रिकाम्या होत्या. शेवटी तासाभरानं एक जोडपं आलं आणि टॅक्सी निघाली. तीन दिवसांनी इंजिनाचा आवाज ऐकून कानात दडे बसल्यासारखं झालं. घाट उतारानं, नागमोडी, आम्ही चौघी मागच्या सीटवर खेटून. जुम्मापट्टीच्या अलीकडच्या वळणावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली. रस्ता ओलांडायला कुणीतरी कडेला उभं होतं.

"अगं, थांब, तीच आहे," मास्तरीण म्हणाली आणि तिनं काच खाली केली.

बाईनं आम्हाला ओळखलं. ओटी तशीच भरलेली होती, हातात आता वाळक्या काटक्यांची एक मोळीही होती. तिनं मोळी दुसऱ्या हातात घेतली, मोकळा झालेला हात वर केला, आणि रस्ता ओलांडून खालच्या वाटेला लागली.